दोन करवल्या आन् एक मामा

“दोन करवल्या आन् एक मामा, येवढंच घेऊन या, नवरा-नवरी हायत घरात,” असं कमळ एकदा आपल्या नवऱ्याला, बाळारामला म्हणाली होती, आणि ती लग्नाबद्दल नव्हे, मोटरसायकलच्या ब्रेकबद्दल बोलत होती.

खारेपाटातल्या त्यांच्या गावात हे ऐकून कोणी हसलं नसतं. कमळ धवलारीण. आगरी लग्नात हळद दळण्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत विधी-विधीला धवला गाणारी बाई. जगातली कुठलीही वस्तू मांडवात आणून बसवल्याशिवाय तिला समजत नसे. प्रणय मेकॅनिकने तिला ब्रेक समजावला तेव्हाही हेच झालं. पुढच्या चाकाला एक लोखंडी तबकडी असते, तिच्या दोन अंगांना दोन पॅड, आणि ब्रेक दाबला की ते दोन्हीकडून तबकडीला भिडतात, एवढंच तो बिचारा सांगत होता. कमळ म्हणाली, “म्हंजे अंतरपाट! तबकडी अंतरपाट, आन् हे दोघं नवरा-नवरी. जवल आली तरी मधी पाट हायेच.” पॅड ज्या सांगाड्यात बसतात तो कॅलिपर, म्हणजे मांडव. तो ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो त्या करवल्या, कारण करवलीला नवरीच्या मागेपुढे सरकण्याशिवाय दुसरं काम काय? आणि पॅड खडखडू नयेत म्हणून त्यांना दाबून धरणारी स्प्रिंगची पत्ती, तो मामा. तेव्हापासून प्रणयच्या गॅरेजात परक्या गिऱ्हाइकालाही “दादा, तुमच्या करवल्या झिजल्यात” असं ऐकावं लागे आणि ते बिचारं आधी इकडेतिकडे बघे.

गाडी कमळ चालवायची आणि बाळाराम मागे बसायचा. त्याचं तारुण्य मिठागरात गेलं होतं. दुपारच्या उन्हात मीठ ओढताना खालून वर येणारा तो पांढरा उजेड वर्षानुवर्षं डोळ्यांत साठत गेला आणि एक दिवस डोळ्यांनीच पुढचं घेणं थांबवलं. म्हणजे दिसायचं, पण कडा नसलेलं. समोरून येणारा ट्रक आणि समोरून येणारी म्हैस यांतला फरक त्याला आवाजावरून ओळखावा लागे. मुलगा अल्पेश बंदरावर ट्रेलर चालवायला लागला तेव्हा आपली मोटरसायकल घरी सोडून गेला. ती ओसरीत उभी राहून गंजेल या कल्पनेनेच बाळारामची झोप उडाली. कमळने पदर खोचला आणि गाडी बंद पडलेल्या मिठागरात नेली. तिथे आपटायला काही नव्हतं. नवरा ज्या सपाटीवर आंधळा होत गेला त्याच सपाटीवर ती गोल गोल फिरून गियर शिकली. बाळाराम बांधावर बसून आवाज ऐकायचा आणि ओरडायचा, “दुसरा टाक! दुसरा टाक गो!”

त्यानंतर पेणपासून अलिबागपर्यंत जिथे जिथे हळद, तिथे तिथे ही जोडी. पुढे हेल्मेट घातलेली, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली बाई आणि मागे मांडीवर पिशवी धरून तिचा नवरा. मांडवात पोहोचल्यावर पोरं टाळ्या वाजवत. कमळला ते आवडे. बाळारामलाही आवडे, पण तो तोंड वाकडं करून खाली उतरे.

आता ब्रेक बिघडला कसा, ते. बाळारामने बिघडवला.

मिठागरातल्या माणसाला एक खोड असते. खारी हवा लोखंड खाते हे त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून दिसेल त्या लोखंडाला तो खोबरेल तेल चोळतो. बाळारामच्या घरात कडी, कोयंडा, बिजागरी, विळी, पेटीची चावी, सगळ्यांना आंघोळीनंतर पोरांना घालतात तसं तेल घातलेलं असे. एका रिकाम्या दुपारी त्याने बोटांनी चाचपून ब्रेकच्या पिना शोधल्या, त्यांच्यावरचे रबरी टोप उचलले आणि आत मायेने तेल सोडलं. एकदा नव्हे. वाटेल तेव्हा.

लोखंडाला तेल मानवलं असेलही, रबराला मानवलं नाही. टोप वालाच्या भिजवलेल्या दाण्यासारखे फुगले, तेलात धूळ आणि मीठ बसलं, आणि पिना जिथे होत्या तिथे चिकटल्या. कॅलिपर सरकेना. एक पॅड झिजून पापुद्रा झाला, दुसरा तसाच. कमळने नवे पॅड आणून घरात ठेवले होतेच, ते बसवायला म्हणून गाडी गॅरेजात नेली. प्रणयने चाकाशी उकिडवं बसून वास घेतला आणि मान वर केली.

“मावशी, तुमच्या ब्रेकला शाळेत निघालेल्या पोरीच्या वेणीचा वास येतोय.”

कमळने नवऱ्याकडे पाहिलं. बाळाराम समोरच्या रस्त्याकडे, जिथे त्याला काहीच दिसत नव्हतं तिथे, फार लक्ष देऊन बघत होता.

“करवल्यांच्या डोक्याला तेल घालून निजवलंत त्यांना,” ती म्हणाली आणि हसत सुटली. प्रणयही हसला. मग त्याने हातोडी घेतली. एक पिन निघाली, गंजलेली पण आख्खी. दुसरी आतच मोडली. पत्ती हातात घेताच तिचे दोन तुकडे झाले.

हसू तिथेच थांबलं, कारण शनिवारी नागावला हळद होती.

नागावची हळद साधी नव्हती. नवरीचं नाव प्राप्ती. तिच्या आजीच्या, सखूच्या, घरातल्या लग्नांत कमळची आई गायली होती आणि आईमागून कमळ. पण आता घरातला कारभार प्राप्तीच्या भावाकडे, विवेककडे होता आणि विवेकचा फोन आदल्याच दिवशी येऊन गेला होता.

“मावशी, तुम्ही या हां. पण टेन्शन नका घेऊ. नाय जमलं तर डीजेवाल्याच्या मोबाईलमधी धवला हाय. एकदम क्लिअर.”

“मना जमतं,” कमळ म्हणाली होती.

“नायतर गाडी पाठवू का?”

“माजी गाडी हाय.”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ चुलीपाशी उभी होती. बाळारामला तिचा चेहरा नीट दिसत नसे, पण तिचं गप्प बसणं त्याला लांबून ऐकू येई. शेवटी ती म्हणाली, “आज गाडी मागितली का उद्या बोलतील, म्हातारीला आनायला-सोडायला कोन जाईल, लाव मोबाईल. येका घरानं लावला का दुसरं लावेल. मंग मी काय करू, खाडीला धवला सांगू?”

म्हणून गाडी शनिवारच्या आत उभी राहायला हवी होती. शुक्रवारी कमळ शेजारच्या गावात तांदूळ सडायच्या विधीला अडकली होती, प्रणयच्या गॅरेजात गाड्यांची रांग होती. उरला बाळाराम. ज्याने करवल्या निजवल्या त्यानेच नव्या आणाव्यात, हे घरात कोणी बोललं नाही, पण सकाळी त्याच्या पिशवीत निघालेली ती आख्खी पिन नमुना म्हणून येऊन पडली, आणि दारातून जाता जाता कमळने तेच वाक्य टाकलं. दोन करवल्या आन् एक मामा.

अलिबागला उतरून बाळाराम एका दुकानातून दुसऱ्यात शिरत गेला. प्रत्येक दुकानदार पिन बोटांत फिरवी, दुसऱ्या पिनांना लावून बघे आणि परत देई. “याची जोडी सुटी येत नाही काका. अख्खा कॅलिपर घ्या.” मग तो तरी द्या, म्हटलं तर तो पुण्याहून यायचा, पुढच्या आठवड्यात. एकाने गाडीच विकायचा सल्ला दिला. “हे मॉडेल बंद झालं, काका.” बाळाराम बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिला. रस्ता म्हणजे त्याच्यासाठी रंगांचा वाहता चिखल होता. त्याला वाटलं, आपणही एक बंद झालेलं मॉडेल. पण भूक लागली होती, आणि भुकेल्या पोटी असले विचार फार वेळ टिकत नाहीत. त्याने वडापाव खाल्ला आणि एसटी स्टँडच्या मागच्या शेवटच्या दुकानात शिरला.

हे दुकान एका गुजराती घराचं. सासऱ्याने घातलेलं, पण गल्ल्यावर आता सून बसे, हेमाली. समोर हिरामण नावाचा एक रिक्षावाला क्लचची वायर घासाघीस करून घेत होता.

“बोला काका, काय देऊ?”

बाळाराम सकाळपासून “कॅलिपर पिन” म्हणून म्हणून दमला होता. त्याच्या तोंडून घरचं निघून गेलं.

“दोन करवल्या आन् एक मामा.”

हिरामणने क्लचची वायर काउंटरवर ठेवली. मग तो म्हणाला, “आन् नवरी? ती पन इथंच बघायची का?”

“नवरा-नवरी घरात हायत,” बाळारामने सरळ उत्तर दिलं.

हिरामण काउंटरवर डोकं ठेवून हसला. आतून हेमालीचे सासरे बाहेर डोकावले. “शुं थयुं?” हेमालीने तोंडावर हात धरून त्यांना आत जायला खुणावलं. “काका, हे ऑटो पार्ट्स आहे. वधूवर सूचक मंडळ नाही.”

बाळाराम लाजला आणि लाजण्यातून सुटका म्हणून त्याने सगळंच सांगितलं. तबकडीचा अंतरपाट, पॅडांची जोडी, मांडव, मामा. सांगताना त्याला कमळचा आवाज आठवू लागला आणि तो तिच्यासारखे हातवारे करू लागला. हेमाली हनुवटीवर हात टेकून ऐकत राहिली. हिरामणची वायर काउंटरवरच पडून राहिली.

“मस्त आहे हं हे,” हेमाली म्हणाली. “आणि धवला काय असतं? मी ऐकलंच नाही कधी.”

“गानं असतं.”

“म्हणजे कसं?”

बाळारामने आजवर एकदाही बायकोसमोर धवला म्हणायची हिंमत केली नव्हती. इथे त्याने घसा खाकरून एक ओळ म्हटली. सूर खाडीत बुडालेल्या होडीसारखा एका बाजूला कलंडलेला होता. हिरामण म्हणाला, “काका, करवल्या भेटतील, पन तुमी गाऊ नका.”

“बरं, पिन दाखवा.” हेमालीने नमुना घेतला, डोळ्यांजवळ धरला. “हिची जोडी खरंच नाही येत सुटी. दोन्ही करवल्या अशाच ना?”

“अशाच कशा?” बाळारामला ते ऐकून जवळजवळ राग आला. “करवल्या काय जुल्या असतान? येक थोरली, येक धाकटी. ही धाकटी. थोरली आत मोडली.”

“थोरली म्हणजे लांब?”

“लांब नाय. जाड. अंगानं जाड. कमळ तिला थोरली बोलते ती उगाच का?”

हेमालीचा हात थांबला. तिने पिन पुन्हा पाहिली. मग स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि अगदी वरच्या फळीवरचं धूळ खात पडलेलं एक खोकं खाली काढलं. ते मोटरसायकलचं नव्हतं, त्याच कंपनीच्या एका जुन्या स्कूटरचं होतं. आत प्लास्टिकच्या पाकिटात दोन पिना होत्या. एक सडपातळ. एक जाड.

“कंपनीने एकच कॅलिपर दोन्ही गाड्यांना बसवलाय,” ती म्हणाली. “बाजारात सगळे तुम्हाला सारख्या दोन शोधून देत होते, काका. मीही तेच करत होते.”

बाळारामने दोन्ही पिना बोटांनी चाचपल्या. थोरली. धाकटी. त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की त्याने हिरामणचीच पाठ थोपटली. पाकिटात नवे रबरी टोप होते, ग्रीसची छोटी पुडी होती आणि पत्त्या होत्या दोन.

“मामा येक सांगितला व्हता,” तो कुरकुरला.

“राहू द्या हो,” हिरामण म्हणाला. “लग्नात मामा जास्त झाला म्हनून कोन परत पाठवतं काय? जेवून जाईल.”

हेमालीने ग्रीसची पुडी त्याच्या तळहातावर ठेवली आणि मूठ बंद केली. “हेच लावायचं. दुसरं काही नाही. खोबरेल तर अजिबात नाही.”

आपण तेलाचं बोललोच नव्हतो, हे बाळारामला एसटीत बसल्यावर आठवलं. मग त्याने आपली बोटं हुंगली.

शनिवारी दुपारपर्यंत प्रणयने मांडव परत उभा केला. मोडकी पिन काढायला त्याला फार त्रास झाला, त्यामुळे निघायला उशीर झाला, आणि अलिबागच्या रस्त्यावर मुंबईहून आलेल्या गाड्यांची रांग लागलेली. कमळ त्या रांगेच्या कडेकडेने गाडी काढत निघाली. प्रत्येक गाडीतून कुणीतरी काच खाली करून तिचा फोटो काढे. नागावच्या वाडीतल्या अरुंद रस्त्यावर, दोन्हीकडे नारळ-सुपारी, वळणावर अचानक चार चाकांची ती समुद्रावर फिरवायची बुटकी गाडी आडवी आली. चालवणारा पर्यटक अर्ध्या चड्डीत होता आणि ब्रेक कुठे असतो हे त्याला बहुधा ठाऊक नव्हतं.

कमळला ठाऊक होतं. तिने दाबला. चाक घसरलं नाही, ओरडलं नाही, फक्त थांबलं. बाळारामचं नाक तिच्या पाठीवर आपटलं.

“सॉरी आंटी!” पर्यटक म्हणाला.

“आंटी तुजी आय,” कमळ शांतपणे म्हणाली आणि पुढे निघाली. थोड्या वेळाने तिने मान किंचित वळवली. “बऱ्या हायत हो करवल्या.” बाळारामला नाक चोळता चोळता हसू फुटलं.

पण सखूच्या घराच्या अलीकडेच त्याला ऐकू आलं, आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. डोळ्यांनी कच्चा माणूस, कानांनी आधी पोहोचायचा. स्पीकरवर धवला लागला होता. इतका मोठा, की नारळाच्या झावळ्या थरथरत असाव्यात. आणि तो आवाज कमळचा होता.

तिने गाडी फाटकाशी बंद केली. गेल्या वर्षी एका लग्नात गणराज डीजेवाला तिच्यासमोर मोबाईल धरून उभा होता; फोटो काढतोय असं समजून ती पदर सारखा करून बसली होती. स्पीकरवर गात होती ती त्याच दिवशीची कमळ. थोडी खोकलेली, आत कुणाचं तरी पोर रडतंय. आत अंगणात बायका जात्याभोवती बसल्या होत्या, प्राप्ती पाटावर होती आणि कमळचा आवाज कमळशिवायच हळद चढवत होता. बाळारामने हेल्मेट घ्यायला हात पुढे केला, पण तिने ते काढलंच नव्हतं. ती तशीच उभी राहून ऐकत होती. त्याला वाटलं, आता ही गाडी वळवणार.

स्पीकर गात होता:

*मांडवाच्या दारी गो, कोन हलदीनं न्हाली,*
*परांजली माजी बाय गो, सोन्यावानी झाली…*

जात्याचा आवाज थांबला.

“कोनची परांजली?” सखूचा आवाज आला. म्हातारा, पण मांडवभर पुरणारा. “आमची प्राप्ती हाय! गणराज, कोनाची हलद लावतंस माज्या नातीला?”

“माझी, आजी!” मागच्या खुर्च्यांतून एक पोर कडेवर घेतलेली तरुणी उभी राहिली. ती गेल्या वर्षीची नवरी, खुद्द प्रांजली, पाहुणी म्हणून आली होती. “माझी लागून गेली गेल्या वर्षी! आता परत नको, एकाच नवऱ्याने जीव खाल्लाय!”

अंगण फुटलं हसण्याने. गणराज घाईघाईने मोबाईलवर गाणं पुढे सरकवू लागला, पण गाण्यात पुढे प्रांजलीचा बाप आला, मग प्रांजलीचा मामा, त्याच्या मागून प्रांजलीची आत्या नावानिशी आली. प्राप्तीच्या मांडवात परक्या घरचे पाहुणे एकामागून एक उतरत राहिले. प्राप्तीचा खरा मामा जागचा उठून म्हणाला, “मंग मी काय, जेवून घरी जाऊ?” विवेकने शेवटी वायरच उपटली.

त्या शांततेत कमळ हेल्मेट काढत अंगणात आली. कोणी “या” म्हणायच्या आतच ती जात्याशी बसली. एक हात खुंट्यावर, दुसरा कानाशी. तिने नाव घेतलं. प्राप्ती. मग तिच्या आईचं, बापाचं, उठून उभ्या राहिलेल्या मामाचं, आणि नाव घेतलं तसा तो माणूस पुन्हा खाली बसला, जागा मिळाल्यासारखा. मग सखूचं, आणि सखूच्या गेलेल्या नवऱ्याचं, ज्याचं नाव तो गेल्यापासून या घरात कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. ओळी साध्याच होत्या. पण बाळारामला, भिंतीशी उभ्या असलेल्या, असं वाटलं की ती माणसांना एकेक करून अंधारातून बोलावते आहे आणि ती येत आहेत. प्राप्तीच्या कानामागे हळद सुकत होती. ती रडत होती आणि हसतही होती, कारण मध्येच कमळने विवेकचंही नाव घेतलं होतं, आणि त्याच्या पुढे, चालीत बरोब्बर बसवून, “मोबाईलवाला बंधू” असं लावलं होतं.

हळद संपली. सखूने कमळची बोटं आपल्या हातांत धरली. “वैशाखात धाकट्या नातवाचं हाय. लवकर ये. जातं तुज्याबिगर हालवत नाय.”

कमळने मान डोलावली. तेवढ्यात गणराज पुढे आला. तो वाईट पोरगा नव्हता, आणि त्याला खरंच काहीतरी सुचलं होतं.

“मावशी, चूक झाली माझी. पण आयकाच. आपन स्टुडिओत बसू. तुमी नुसती नावं बोला, आठवतील तेवढी. सगळी. अख्ख्या खारेपाटाची. मी चालीत कापून टाकीन. मंग तुमाला उन्हातान्हाचं गाडी हाकत यायला नको. घरी बसा आरामात, तुमचा आवाज फिरल गावोगाव.”

“आयडिया भारी हाय,” विवेक म्हणाला.

सगळे तिच्याकडे बघत होते. बाळारामही, जेवढं दिसत होतं तेवढं: हळदीने माखलेले दोन पिवळे हात आणि वर चेहऱ्याच्या जागी एक सावळा, न हलणारा डाग.

कमळने गणराजच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. मग पाटावरच्या प्राप्तीकडे. मग तिने हात पदराला पुसले, नीट, एकेक बोट. उठली. गणराजच्या गालाला जाता जाता उरलेली हळद लावली, आणि सखूला “वैशाखात येते. माजी गाडी हाय,” असं सांगून मांडवाबाहेर निघून गेली.